राजूला पुलावरच राहू द्या

पुलाच्या कठड्यावरून एक माणूस खाली वाकलेला आहे. हातांत जुनाट बंदुका आहेत आणि त्या पाण्यात टाकून मोकळं व्हायला तो इथं आलेला आहे. हात गुंतलेले, म्हणून मोबाइल त्यानं तोंडात धरलाय. नेमका त्याच क्षणी तो मोबाइल वाजायला लागतो. पलीकडे त्याचे दोन साथीदार जिवाच्या आकांतानं त्याला गाठू पाहताहेत, कारण त्यांना आत्ताच कळलंय की त्या बंदुका म्हणजे पुराणवस्तू आहेत आणि त्यांची किंमत कोट्यवधींत जाते. फोन घ्यायचा तर बंदुका सुटणार, बंदुका धरायच्या तर फोन घेता येणार नाही. चित्र इथंच थांबतं आणि थिएटरातले दिवे लागतात.

९ जून २००६ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘फिर हेराफेरी’चा हा शेवट. बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांची तेव्हाची तक्रार एकच होती: हा काय शेवट झाला? तिकिटाचे पैसे दिले, अडीच तास हसलो, आणि पुढं काय झालं तेच सांगितलं नाही. ती तक्रार आजही ऐकू येते. दर दोन-तीन वर्षांनी तिसऱ्या भागाची बातमी येते आणि पहिला प्रश्न तोच विचारला जातो, की राजूनं बंदुका टाकल्या की नाही?

या प्रश्नाचं उत्तर कुणी देऊच नये. भाड्याच्या खोलीत राहून मोठी स्वप्नं पाहणाऱ्या माणसांवरच्या विनोदी चित्रपटाला आपल्याकडे मिळालेला सर्वांत खरा शेवट तो हाच. ही गोष्ट पुलावर अडलेली नाही, ती तिथं पूर्ण झालेली आहे.

हे पटायचं तर आधी त्या घरात जायला हवं. या गोष्टीचं मूळ केरळात आहे. सिद्दिक आणि लाल या जोडगोळीनं १९८९ साली ‘रामजी राव स्पीकिंग’ हा दिग्दर्शक म्हणून आपला पहिला मल्याळम चित्रपट केला. त्यात बंद पडलेल्या नाटक कंपनीचा मालक मन्नार मत्ताई, त्याच्याकडे राहणारे दोन बेकार तरुण, आणि चुकून आलेला एक फोन. १९७१ सालच्या ‘सी द मॅन रन’ या अमेरिकी टीव्हीपटाशी त्याचं साम्य नेहमी दाखवलं जातं. तिथंही काम नसलेल्या एका नटाच्या घरी दुसऱ्याच कुणासाठीचा खंडणीचा फोन येतो. प्रियदर्शननं हीच गोष्ट ‘हेराफेरी’ नावानं हिंदीत आणली, नीरज वोरानं संवाद लिहिले, आणि नाटक कंपनीच्या मालकाचा झाला बाबूराव गणपतराव आपटे.

आपटे! मराठी प्रेक्षकाला हे आडनाव ऐकूनच पुढचं निम्मं समजतं. जाड भिंगाचा चष्मा, अंगात बनियन, धंदा बसलेला, घर स्वतःचं असून खिसा रिकामा. गुजराती रंगभूमीवर घडलेल्या परेश रावल यांनी या माणसाची हिंदी अशी बोलली की ती आपल्याच आळीतल्या काकांची वाटावी. हिंदी पडद्यावरचा मराठी माणूस एरवी हवालदार, नाही तर घरगडी. इथं तो घरमालक आहे आणि भाडेकरूंइतकाच कंगाल आहे.

यात अतिशयोक्ती काडीची नाही. मुंबईत ज्यानं जुन्या चाळीचा मालक पाहिलाय त्याला विचारा. १९४७ सालच्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठवली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत कितीतरी इमारतींत भाडेकरू नोकरीवर वर चढले, मालक मात्र पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली बादल्या ठेवत बसले. त्याची जागा घेणारा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला ३१ मार्च २००० रोजी. पागडी घेणं त्यानं कायदेशीर केलं. आणि ‘हेराफेरी’ प्रदर्शित झाला तोही ३१ मार्च २००० रोजी, शुक्रवारी. हा योगायोगच आहे. पण ज्या दिवशी या राज्यात घरमालक आणि भाडेकरू यांच्यातला व्यवहार नव्यानं लिहिला गेला, त्याच दिवशी भाडं न देणारे दोन भाडेकरू आणि ते वसूल करू न शकणारा मालक पडद्यावर आले, ही नोंद कुणीतरी करून ठेवायला हवी.

त्या घरातल्या तिघांना, म्हणजे बाबूराव आणि राजू-श्याम या त्याच्या भाडेकरूंना, काय हवंय? श्यामला हवीय नोकरी, वडील गेल्यावर बँकेत मिळायला हवी होती ती. राजूला आईसमोर मोठा माणूस म्हणून उभं राहायचंय, कारण तसं तो तिला सांगून बसलाय. बाबूरावला उधारीतून सुटायचंय. मागणं कुणाचंच फार मोठं नाही. पण ते सरळ रस्त्यानं मिळत नाही, म्हणून स्वप्न फुगत जातं आणि फुगता फुगता एका शब्दावर येऊन थांबतं: दुप्पट.

दोन्ही चित्रपट या एका शब्दावर उभे आहेत. पहिल्यात फोनवरचा गुंड पळवलेल्या मुलीसाठी खंडणी मागतो. तिघं ती मागणी मुलीच्या आजोबांना सांगताना दुप्पट करून सांगतात, म्हणजे गुंडाला त्याचे पैसे जातील आणि वरचे आपल्याला राहतील. दुसऱ्यात एकवीस दिवसांत पैसे दुप्पट करून देणाऱ्या कंपनीत राजू सगळ्यांना ओढतो, आणि तिघं बंगल्यासकट होतं नव्हतं ते घालवतात. पगारातून पैसे दुप्पट होत नाहीत हे महिन्याच्या एकोणतीस तारखेला ज्यानं खिसा चाचपलाय त्याला माहीत असतं. म्हणून ‘दुप्पट’ हा गरिबाचा आवडता आकडा. दहापट म्हटलं की तो हसून सोडून देईल, दीडपटीसाठी जीव टांगणीला लावणार नाही. दुप्पट मात्र त्याला शक्य कोटीतलं वाटतं.

ज्यांना हे निव्वळ फिल्मी वाटतं त्यांनी जरा इतिहास पाहावा. चार्ल्स पाँझीनं १९२० साली बॉस्टनमध्ये पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के परतावा देऊ केला होता, आणि रांगेत उभे राहिले होते ते बहुतांशी कष्टकरी लोक. आपल्याकडे असल्या साखळी योजनांवर १९७८ साली केंद्रानं बंदी घालणारा कायदा केला. महाराष्ट्रानं ठेवीदारांच्या संरक्षणासाठी १९९९ चा वेगळा कायदा आणला. दोन्ही कायदे जागेवर असताना जानेवारी २०२५ मध्ये दादरच्या टोरेस या दुकानासमोर हवालदिल गुंतवणूकदारांची गर्दी उसळली. दर आठवड्याला परतावा मिळेल या बोलीवर त्यांनी पैसे भरले होते. त्यांत भाजी विकणारे होते, पगारदार होते, निवृत्त माणसं होती. टीव्हीवर त्यांचे चेहरे पाहताना कुणालाही हसू आलं नसेल. राजूच्या फसगतीवर मात्र आपण हसतो, आणि ते हसणं कोरडं नसतं. ही चूक आपल्या घरातही कुणीतरी केलेली आहे, हे आपल्याला ठाऊक असतं.

आता पहिल्या चित्रपटाचा शेवट आठवा. मुलगी सुखरूप सुटते, राजूच्या मनात ऐन वेळी चांगुलपणा जागा होतो, पोलीस येतात, आणि तिघांच्या पदरात पैसा पडतो. पाहताना बरं वाटतं, कारण या तिघांवर आपला जीव जडलेला असतो. पण चार दिवसांनी विचार केला तर काय राहतं? चुकीचा फोन आला नसता तर श्यामला नोकरी मिळाली असती का? बाबूरावचं कर्ज फिटलं असतं का? कथेनं मांडलेल्या अडचणीशी त्या पैशाचा काही संबंध नाही. देव प्रसन्न झाला आणि वर दिला, त्यातला हा प्रकार. दुसऱ्या चित्रपटानं सर्वांत शहाणपणाची गोष्ट केली ती ही की तो वर त्यानं पहिल्या तासाभरातच काढून घेतला. बंगल्यातून तिघं पुन्हा रस्त्यावर. हे क्रूर वाटेल, पण अचानक हाती आलेला पैसा ज्यांना पैशाची सवय नाही अशांच्या हातून कसा निसटतो, हे त्यात चोख दाखवलंय.

शेवट म्हणजे फळ हाती पडणं, ही आपली जुनी समजूत. नाट्यशास्त्रात कथेच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति आणि फलागम. प्राप्त्याशेत मिळेल अशी आशा वाटते, नियताप्तीत मिळणार हे ठरतं, फलागमात ते मिळतं. त्यावर भरतवाक्य म्हणायचं आणि सगळ्यांचं कल्याण चिंतायचं. ‘मृच्छकटिका’तला चारुदत्त दारिद्र्यानं गांजलेला, वधस्तंभापर्यंत गेलेला. तोही शेवटी वाचतो, मान मिळवतो, वसंतसेना त्याला मिळते. आपला मराठी प्रेक्षक संगीत नाटकापासून फार्सापर्यंत या फलागमावर वाढलेला आहे. राजूला पुलावर सोडून देणारा चित्रपट प्राप्त्याशेवर थांबतो. फळ हातात आहे, पण ते फळ आहे हेच हाताला माहीत नाही. शास्त्राच्या हिशेबानं हा दोष ठरेल. पण ज्या माणसांचं सगळं आयुष्यच प्राप्त्याशेत जातं त्यांची गोष्ट सांगायला दुसरी कोणती अवस्था योग्य ठरली असती?

मेस, खोली, बोर्डिंग यांच्यावरच्या चित्रपटांनी इतर शेवट करून पाहिलेले आहेत. निर्मल दे यांचा ‘शाडे चुआत्तोर’ हा १९५३ सालचा बंगाली चित्रपट कोलकात्याच्या अन्नपूर्णा बोर्डिंग हाउसमध्ये घडतो. उत्तमकुमार आणि सुचित्रा सेन यांची जोडी पहिल्यांदा दिसली ती तिथं. बोर्डिंगातल्या चिडवाचिडवीचा शेवट लग्नात होतो, आणि प्रेमकथेला तो शोभतोही. आपल्या ‘अशी ही बनवाबनवी’त १९८८ साली चार मित्र पुण्यात डोक्यावर छप्पर हवं म्हणून सोंगं घेतात. त्यांच्या वाट्याला शेवटी क्षमा येते आणि जोडीदार येतात. तिथंही हे चालून जातं, कारण त्यांना पैसा नको होता, खोली हवी होती, आणि खोली हा माणसांनी माणसांना देण्याजोगा पदार्थ आहे. मालकीण मोठ्या मनाची निघाली की प्रश्न मिटतो. पैशाचं तसं नाही.

पैशाचं काय करायचं हा पेच राज कपूरच्या ‘श्री ४२०’पुढेही १९५५ साली होता. ख्वाजा अहमद अब्बास आणि व्ही. पी. साठे यांनी लिहिलेल्या त्या पटकथेत शंभर रुपयांत घर देण्याची थाप मारून फूटपाथवरच्या माणसांना लुबाडलं जातं. राज ते उघडं पाडतो आणि पुन्हा गाठोडं उचलतो. नैतिक हिशेब पूर्ण होतो. पण चित्रपटभर ज्या मिस्कील पोराच्या नादी आपण लागलो तो शेवटाकडे भाषण करू लागतो. विनोदी चित्रपटाला शेवटच्या दहा मिनिटांत उपदेशाची आठवण होणं हा आपल्याकडचा जुना आजार आहे, आणि मोठमोठे त्यातून सुटलेले नाहीत.

अर्धवट सोडलेला शेवट म्हटला की ‘द इटालियन जॉब’ची आठवण निघणारच. १९६९ सालचा हा ब्रिटिश चित्रपट. तुरीनमधून सोनं लुटून पळणाऱ्या टोळीची बस आल्प्सच्या कड्यावर अर्धी बाहेर लोंबकळते. मागच्या टोकाला सोनं, पुढच्या टोकाला माणसं. मायकेल केनचा नायक म्हणतो की मला एक कल्पना सुचलीय, आणि चित्रपट संपतो. लोकांच्या मनात तो प्रसंग इतका रुतून बसला की २००८ साली ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीनं सोनं आणि माणसं दोन्ही वाचवण्याचा उपाय शोधायची स्पर्धा जाहीर केली. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका लटकत्या बसचं गणित माणसं कागद-पेन्सिल घेऊन सोडवत बसली. शेवट बंद केला असता तर हे घडलंच नसतं.

वरवर पाहता दोन्ही प्रसंग सारखे. फरक आहे तो माहितीचा, आणि तिथं ‘फिर हेराफेरी’ आपल्या भावाच्या पुढं जातो. बसमधल्या टोळीला ठाऊक आहे की समोर सोनं आहे. त्यांची अडचण वजनाची आहे, तोलाची आहे. राजूच्या हातात कोट्यवधी आहेत आणि तो ते कचरा समजून फेकायला निघालाय, कारण बातमी अजून त्याच्यापर्यंत पोहोचलेली नाही. गरिबीची इतकी नेमकी व्याख्या अर्थशास्त्राच्या पुस्तकातही सहज सापडणार नाही. ज्याच्याकडे पैसा नसतो त्याच्याकडे बातमीही उशिरा येते. रस्ता रुंद होणार हे जमीन विकून झाल्यावर कळतं. शिष्यवृत्तीची मुदत काल संपली हे आज कळतं. आजीच्या पेटीतली जुनी भांडी मोडीत किलोवर घातल्यावर कुणीतरी सांगतं की अहो, ती तर पंचधातूची होती.

फोनकडे जरा लक्ष द्या. पहिल्या चित्रपटात तो काळा, जागेला खिळलेला, घरात वाजणारा फोन आहे. डिरेक्टरीत स्टार गॅरेज आणि स्टार फिशरीज यांच्या क्रमांकांची अदलाबदल होते आणि दुसऱ्याचं नशीब चुकून यांच्या दारात येतं. दुसऱ्यात मोबाइल आहे. मे २००३ पासून आपल्याकडे येणारा कॉल फुकट झाला आणि खिशात दमडी नसलेल्या माणसाच्याही खिशात फोन आला. म्हणजे सहा वर्षांत एवढी प्रगती झाली की आता चुकीच्या फोनची वाट पाहायला नको. राजूच्या नावाचा, राजूच्याच भल्याचा फोन थेट राजूलाच येतो. आणि तो उचलायला त्याचा हात मोकळा नसतो. तोंडात धरलेला तो वाजता मोबाइल पाहून थिएटर हसतं. हसू ओसरल्यावर घशाशी काहीतरी अडकतं.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला आहे. ते म्हणतात, यात इतका अर्थ शोधू नका, पुढच्या भागाची सोय म्हणून दिग्दर्शकानं गाजर लटकवून ठेवलं, बस. असेलही. पण कलाकृतीचा अर्थ हेतूवर ठरत नाही. गावातल्या लोहारानं कोयता गवत कापायला केलेला असतो, त्यानं नारळ फुटतो तेव्हा आपण लोहाराला जाब विचारत नाही. शिवाय हा शेवट जोडल्यासारखा वाटत नाही, चित्रपटाच्या नाडीतून आलेला वाटतो. अडीच तास या तिघांच्या वाट्याला प्रत्येक गोष्ट एक मिनिट उशिरा येते. शेवटची गोष्टही तशीच येते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. दिवसभर राबून आलेला माणूस हसायला थिएटरात येतो, त्याला निदान पडद्यावर तरी गरिबाचा विजय दिसू द्या, एवढंही तुम्हाला बघवत नाही का? या आक्षेपाला मान द्यायलाच हवा. पण ‘फिर हेराफेरी’ त्या माणसाकडून विजय काढून घेत नाही. राजूनं बंदुका टाकल्या असं दाखवलं असतं तर तो पराभव होता. धरून ठेवल्या असं दाखवलं असतं तर पहिल्या चित्रपटातला वर पुन्हा एकदा वाटला गेला असता, आणि तो वर टिकत नाही हे आपण एकदा पाहून बसलोय. चित्रपट त्या माणसाला जे देतो ते त्याच्या ओळखीचं आहे. अजून हातातून सुटलेलं नाही, एवढंच. सोमवारी सकाळी ८.१२ ची लोकल पकडताना त्याच्याजवळ असतं तेही नेमकं एवढंच.

म्हणूनच हे तिघं माणसांच्या तोंडी राहिले. ‘हेराफेरी’ला पहिल्या आठवड्यात फार गर्दी नव्हती. तोंडोतोंडी वाढला आणि मग टीव्हीनं घराघरांत नेला. आज ज्यांचा जन्म २००६ नंतरचा आहे ती मुलंही मोबाइलवर बाबूरावची छायाचित्रं एकमेकांना पाठवतात. भाडं थकलं, पगार लांबला, परीक्षेचा निकाल अडला, की राजू, श्याम आणि बाबूराव हजर. गोष्ट संपली असती तर ही माणसं तिच्यासोबत संपली असती.

‘फिर हेराफेरी’ लिहिणारे आणि दिग्दर्शित करणारे नीरज वोरा २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये कोसळले, वर्षभराहून अधिक काळ कोमात राहिले आणि १४ डिसेंबर २०१७ रोजी गेले. तिसरा भागही तेच करणार होते. त्यानंतर तिसऱ्या भागाची सूत्रं या हातातून त्या हातात फिरली. २०२५ मध्ये प्रियदर्शन पुन्हा दिग्दर्शक म्हणून आले, मे महिन्यात परेश रावल यांनी अंग काढून घेतलं, अक्षयकुमारच्या कंपनीनं त्यांना २५ कोटींची नोटीस धाडली, आणि जून संपेपर्यंत परेश रावल यांनी सगळं मिटल्याचं सांगितलं. चित्रपट होईल तेव्हा होईल.

तो करणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. तिघांना जरूर परत आणा. बाबूरावच्या घरात आता पुनर्विकासाचा बिल्डर येऊ द्या, श्यामला पन्नाशीत पुन्हा अर्ज भरू द्या, राजूला आणखी कुठली तरी दुप्पट करणारी योजना सापडू द्या. पण पुलावरच्या त्या रात्री काय झालं ते दाखवू नका. कुणी विचारलं तर तिघांना आपापसांत भांडू द्या, प्रत्येकाला वेगळी हकिगत सांगू द्या. प्रेक्षक समजून घेईल. वीस वर्षं तो फोन वाजतोय आणि त्याला त्या आवाजाची सवय झाली आहे.